चार्ज देताना

ही किल्ली आतल्या खोलीची. जरा उचलून फिरव,
नाहीतर अडकती.
दिव्याचं बटण बाहेर आहे, आत नाही.
का, ते वास आला की कळंल.

मोबाईल इथं खिडकीत ठेव, कल्मेश.
होय, बंद करून.
आणि हा चकाकणारा शर्ट उद्यापासून नको,
सुती घाल. ड्रम ओतताना आधी ही चिमटी लाव,
तार जमिनीत गेलीय. नुसतं ओतलं तरी ठिणगी पडती,
कुणी काडी ओढायला लागत नाही.

डावीकडं रेझिन. काळपट, काकवीसारखं.
उजवीकडं, पार त्या भिंतीला, कॅटॅलिस्ट, म्हणजे आम्ल.
दोघांची गाठ वाळूतच घालायची:
आधी वाळूला आम्ल पाजायचं, चांगलं मुरवायचं,
मग रेझिन.
मग गपगुमान घट्ट होतात, साचा धरतात,
त्यात पंपाचं अख्खं अंग ओत, हलणार नाहीत.
वाळू मध्ये नसली तर

ही भुवई बघ. अर्ध्यात थांबलीय.
अठ्ठ्याण्णव साल, दुसरी शिफ्ट,
बादलीच्या तळाला आम्ल राहिलेलं, बोटभर,
त्यात रेझिन ओतलं.
दूध उतू जातं ना, तसं आलं वर, पण काळं,
आणि आवाज करत.
बसलिंग हुक्केरीनं मला कॉलरला धरून मागं ओढलं.
मी भुवईवर सुटलो.
त्याचा उजवा पंजा गेला.

थिनर कुठाय विचारलंस न्हवं? तो मागच्या शेडमध्ये.
त्याची वाफ हवेपेक्षा जड. वर जात नाही,
फरशीवरनं सरकत जाती, गटारीत उतरती,
खानापूर रोडला लागून भरमाचा चहाचा गाडा आहे,
तिथवर जाती. तिथं स्टो पेटलेला असतो.
आणि ज्या वाटेनं वाफ गेली
त्याच वाटेनं आग माघारी घरी येती.
भरमाला दोनदा सांगितलं, गाडा पुढं घे.
तो म्हणाला, तुम्ही कारखाना मागं घ्या की.

साच्याला रंग लावून स्पिरिट पेटवतात,
ती ज्वाला उन्हात दिसत नाही.
हवा थरथरली की लांब व्हायचं.
तेलात बुडालेलं कापडाचं वेस्ट
कोपऱ्यात गोळा करून ठेवू नकोस,
जवसाचं तेल आहे ते,
रात्रभर स्वतःशीच तापत बसतं.

मीपण बसलोय तसा. सांगतो.

बादलीत रेझिन मी ओतलं होतं.
मॅनेजरनं कागद पुढं केला, कन्नडमध्ये.
तेव्हा मला त्यातलं अक्षर येत नव्हतं.
विचारलं, काय लिहिलंय. म्हणाले,
घडलं तेच लिहिलंय, लुमाण्णा, कर सही.
महिन्यानं बसलिंगचा हिशेब झाला.
निष्काळजीपणा, म्हणाले.
गोकाकच्या बसमध्ये दिसला एकदा,
डाव्या हातानं सुट्टे पैसे मोजत होता.
मी मागच्या दारानं उतरलो,
अजून दोन स्टॉप होते माझे.

नंतर शिकलो मी. ड्रमवरच्या पाट्यांवरनंच शिकलो,
एकेक अक्षर, बेंकी म्हणजे आग, इथनं सुरुवात.
आता दुकानांच्या पाट्या वाचतो, बसचे बोर्ड वाचतो.
तो कागद सोडून.

झेरॉक्स या ड्रॉवरात आहे, रजिस्टरच्या खाली.
तू शाळेत कन्नड घेतलं होतंस न्हवं?
बस इथं. वाच.
सावकाश वाच, नाव आलं की थांबू नकोस.

आणि ती खिडकी उघडी ठेव.
दिवसा उघडीच ठेवायची असती.